हलकी लाल वाइन, थोडी गार करून: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात फ्रान्समधल्या बोजोले भागातल्या लाल वाइनबद्दल मी जेमतेम दोन परिच्छेद लिहिले होते आणि त्यावर इतकी पत्रं आली की यावेळी सगळं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. मी स्वतः लियोंमध्ये काही वर्षं राहिले, आणि बोजोलेचे मळे त्या शहराच्या उत्तरेला अगदी लागूनच सुरू होतात, त्यामुळे हा विषय निघाला की मला आवरत नाही हे आधीच सांगते.

ताई, माझी भाची फ्रान्सहून आली तेव्हा एक बाटली घेऊन आली, वर 'फ्लरी' एवढंच लिहिलंय, द्राक्ष कुठलं ते कुठेच नाही. ग्लासात ओतली तर रंग कोकम सरबतासारखा, आरपार दिसतंय. आम्ही घरी नाशिकची शिराझ घेतो ती कशी दाट जांभळी असते. ही हलक्या प्रतीची आहे का? की काही भेसळ?
एक वाचक, ठाणे

काका, भेसळ अजिबात नाही आणि प्रत म्हणाल तर भाचीने फार चांगली बाटली आणलीये. फ्लरी हे गावाचं नाव. आपण नाही का नुसतं 'देवगडची पेटी आली' म्हणतो, आत हापूस आहे हे कोणी वेगळं सांगत नाही, तसंच फ्रेंच लोकांचं आहे, ते जागेचं नाव लिहितात आणि द्राक्ष कुठलं ते माणसाला ठाऊक आहे असं धरून चालतात. बोजोलेच्या उत्तर भागात अशा दहा मानाच्या जागा आहेत ज्यांना 'क्रू' म्हणतात: सँतामूर, ज्युलिएना, शेना, मुलँ-आ-व्हाँ, फ्लरी, शिरुब्ल, मॉर्गों, रेन्ये, ब्रुई आणि कोत द ब्रुई. यातली रेन्ये सगळ्यात शेवटी, १९८८ साली आली. या दहांच्या लेबलवर बरेचदा 'बोजोले' हा शब्दही सापडत नाही, म्हणून दुकानात लोक गोंधळतात.

या सगळ्यांत द्राक्ष एकच, गामे. त्याच्या सालीत रंग आणि तुरटपणा मुळातच बेताचा, त्यात तिथे वाइन करायची पद्धत अशी की सालीतून आणखी कमी उतरावं. (ती पद्धत खाली एका प्रश्नात येतेय.) त्यामुळे रंग पातळ म्हणजे माल पातळ हे इथे लागू होत नाही. गडद रंग म्हणजे दमदार वाइन हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय कारण आपल्याकडे उन्हात पिकलेली शिराझ आणि कॅबर्नेच आधी प्यायला मिळाली, पण चहासुद्धा काळा झाला म्हणजे चांगला झाला असं आपण म्हणत नाही ना.

गामेवर हा आरोप जुनाच आहे बरं. १३९५ साली बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने फर्मान काढून ही वेल आपल्या मुलखातून उपटून टाकायला सांगितली होती, फर्मानात तिला 'फार वाईट आणि बेइमान' असं चक्क म्हटलंय. त्याला हवी होती पिनो न्वार ही लाल वाइनच्या द्राक्षाची जात. गंमत अशी की आताच्या डीएनए तपासणीत निघालं की गामे ही पिनो न्वारचीच लेक, दुसरी बाजू गुए ब्लां नावाच्या एका साध्यासुध्या पांढऱ्या द्राक्षाची. बर्गंडीच्या चुनखडीच्या जमिनीत पिनोची जी शान असते ती गामेला तिथे येत नाही, पण खाली दक्षिणेला बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर तिचं असं काही जमलं की आज ती वेल म्हटली की हाच भाग आठवतो. मला विचाराल तर फ्लरी ही त्या दहांमधली सगळ्यात सुवासिक, फुलांचा वास असतो तिला, तेव्हा मोठ्या ग्लासात थोडीच ओता आणि आधी नुसता वास घ्या.

मी लियोंला मास्टर्स करायला आलेय. इथे मैत्रिणींबरोबर जेवायला गेलो तर त्यांनी लाल वाइन गार मागवली, वेटरनेही काही आक्षेप घेतला नाही. मला तर कायम सांगितलंय की पांढरी गार आणि लाल रूम टेंपरेचरला. कोण बरोबर?
एक विद्यार्थिनी, लियों

तुझ्या मैत्रिणी बरोबर. आणि तू किती नशीबवान आहेस की हे तू त्याच शहरात बसून विचारतेयस! लियोंमध्ये म्हण आहे की या शहराला तीन नद्या आहेत, रोन, सोन आणि तिसरी बोजोले. तिथल्या छोट्या खानावळींना 'बुशों' म्हणतात, तिथे जाड बुडाच्या काचेच्या बाटलीतून वाइन येते, तिला 'पो' म्हणतात आणि तिच्यात ४६ सेंटिलिटर मावते. जड बुडामुळे ती टेबलावर कलंडत नाही. पुढच्या वेळी गेलीस की नक्की मागव, दोघी-तिघींत पुरते.

रूम टेंपरेचर हा शब्द आला जुन्या युरोपातल्या दगडी घरांमधून, तिथल्या खोल्या असायच्या साधारण १६ ते १८ अंशांच्या. पुण्यात मे महिन्यात खोली असते ३४ अंशांची आणि आपण त्याच शब्दावर विश्वास ठेवून लाल बाटली ओट्यावर ठेवतो, मग वाइन कढत्या अल्कोहोलसारखी नाकात जाते आणि लोक म्हणतात लाल वाइन काय आपल्याला झेपत नाही. हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं कारण दोष वाइनचा नसतोच, तापमानाचा असतो.

आता गार किती? तर फ्रिजमधल्या पाण्याइतकी नको. वाइन जितकी गार तितका तुरटपणा जास्त टोचतो आणि वास दबतो, म्हणून खूप तुरट अशी दमदार लाल वाइन फार गार करत नाहीत. गामेत तुरटपणाच कमी, त्यामुळे तिला १२ ते १४ अंश सोसतात, उलट त्यात फळांचा वास उघडतो आणि आंबटपणा ताजा लागतो. मॉर्गों किंवा मुलँ-आ-व्हाँसारखी जरा अंगाने भरलेली असेल तर १५ पर्यंत चालेल. थर्मामीटर लागत नाही, तुझ्या तिथल्या खोलीत बाटली तासभर फ्रिजमध्ये ठेव, बस. इकडच्या वाचकांनी उन्हाळ्यात रात्रीपासूनच फ्रिजमध्ये ठेवावी आणि जेवायच्या अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढावी. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घालून पंधरा मिनिटं, नुसत्या बर्फात नको, पाणी असलं की बाटलीला सगळीकडून गारवा लागतो. ग्लासात बर्फाचे खडे मात्र कृपा करून नको.

आम्ही सहा मित्रमैत्रिणी महिन्यातून एकदा भेटतो, यावेळी एक बाटली मॉर्गों मिळालीये. चाखायची म्हणजे नेमकं काय करायचं? व्हिडिओ बघून ग्लास फिरवतो पण चेरी, व्हायोलेट वगैरे काही येत नाही नाकात, सगळे फक्त मान डोलावतात.
डोंबिवलीहून

मान डोलावणं आधी बंद करा. एक काम करा, प्रत्येकाला कागद द्या आणि पहिली दहा मिनिटं कोणीही बोलायचं नाही, जे वाटेल ते लिहायचं. बोललं की एकाचं ऐकून बाकीच्यांना तेच यायला लागतं, हे मी कितीतरी टेबलांवर पाहिलंय.

ग्लास तळाला निमुळता नाही तर तोंडाला निमुळता हवा, आणि एक तृतीयांशच भरायचा. पांढऱ्या कागदावर तिरपा धरून बघा, मध्ये माणकासारखा लाल आणि कडेला जांभळट झाक असेल तर वाइन तरुण आहे, कडेला विटकरी यायला लागली असेल तर काही वर्षं बाटलीत गेलेली आहे. रंगावर एवढंच, यापेक्षा जास्त वेळ नका घालवू.

मग न हलवता वास. हे बहुतेक लोक विसरतात, ग्लास हातात आला की फिरवायला लागतात. सगळ्यात हलके वास पहिल्या हुंगण्यातच येतात, आधी तो घ्या, मग फिरवा, मग पुन्हा घ्या आणि काय बदललं ते लिहा. ओल्या पुठ्ठ्यासारखा किंवा भिजलेल्या वर्तमानपत्रासारखा वास आला तर बूच खराब आहे, ती बाटली गेली, त्यात मॉर्गोंचा काही दोष नाही.

चेरी येत नाही म्हणून खंत नको. आपल्यापैकी किती जणांनी लहानपणी झाडावरची ताजी चेरी खाल्लीये? केकवरची साखरेत मुरवलेली ती चेरी नव्हेच. वास ओळखणं म्हणजे आठवण ओळखणं, आणि आपल्या आठवणीत करवंद आहे, जांभूळ आहे, तुती आहे, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणि रासबेरी आहे. मला स्वतःला तरुण गामेत पहिल्यांदा जे आलं ते पिकलेल्या करवंदाचं, ते तोडल्यावर देठाशी जो हिरवट चीक येतो ना त्याच्यासकट. लियोंमधल्या माझ्या शेजारीणबाईंना ते मी समजावूच शकले नाही पण तो वास मात्र शंभर टक्के खरा होता. तेव्हा बिनधास्त करवंद लिहा.

आता घोट. छोटा घ्या, चार-पाच सेकंद तोंडात सगळीकडे फिरवा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढली तर आणखी बरं, कारण वास घशाच्या मागच्या बाजूनेसुद्धा नाकात जातो आणि ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा भाग तोच असतो. मग तीन गोष्टी तपासा. गालांच्या आत पाणी सुटलं का? तो आंबटपणा, गामेत भरपूर असतो. हिरड्या आणि जीभ सुपारी किंवा कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी आखडली का? तो तुरटपणा, इथे अगदी थोडा असेल, मॉर्गोंत फ्लरीपेक्षा जरा जास्त. आणि गिळल्यावर चव किती वेळ राहिली? मनातल्या मनात आकडे मोजा. माझ्या मते सगळ्यात खरी परीक्षा ही शेवटचीच, कारण वास कोणत्याही स्वस्त वाइनला आणता येतो पण घोट गेल्यावरही दहा-बारा आकडे तोंडात रेंगाळणं हे चांगल्या मळ्याचंच काम.

तुमची बाटली मॉर्गोंच्या 'कोत दु पी' नावाच्या टेकडीवरची आहे का ते लेबलवर बघा. तिथली जमीन म्हणजे निळसर, भुगा होत चाललेला जुना खडक, आणि तिथली वाइन काही वर्षं राहिली की पिनो न्वारच्या वळणाने जायला लागते. यासाठी फ्रेंचमध्ये गावाच्या नावावरून 'मॉर्गोने' असं क्रियापदच आहे, म्हणजे वाइन 'मॉर्गोंतली'! आपल्याकडे कुठल्या गावाच्या नावाचं असं क्रियापद झालंय का, सुचलं तर कळवा. याच मॉर्गोंमध्ये मार्सेल लापिएर यांनी ज्यूल शोव्हे या वाइन अभ्यासकाचा धडा गिरवत, बाहेरून यीस्ट न घालता आणि गंधक अगदी कमी किंवा अजिबात न वापरता वाइन केली, आज जगभर नॅचरल वाइनची जी चर्चा चालते तिचं एक मूळ इथे आहे.

मी नोव्हेंबरमध्ये पॅरिसला होतो तेव्हा बोजोले नूव्होचा, म्हणजे त्याच वर्षीच्या द्राक्षांच्या ताज्या वाइनचा, मोठा गाजावाजा होता. प्यायलो तर मला चक्क केळ्याचा वास आला! हे मनाचं का?
एक वाचक, कोथरूड, पुणे

मनाचं नाही, तुमचं नाक चांगलं आहे. पिकलेल्या केळ्यात जो रासायनिक पदार्थ असतो, आयसोअमाइल अॅसिटेट, तोच या वाइनमध्ये तयार होतो. द्राक्षं न चुरडता घडच्या घड देठासकट टाकीत भरतात, खालचे मणी वरच्या वजनाने फुटून आंबायला लागतात आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड टाकीभर पसरतो, मग वरच्या आख्ख्या मण्यांच्या आत, साल न फुटताच, आंबणं सुरू होतं. अशाने फळाचा वास भरपूर उतरतो आणि तुरटपणा कमी. नूव्होत हे चार-पाच दिवसांत उरकतात आणि काही ठरावीक यीस्ट घातलं की केळं आणखीच वाढतं.

सप्टेंबरच्या द्राक्षांची वाइन नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात. लवकर विकायची परवानगी मिळाली १९५१ मध्ये आणि तिसरा गुरुवार ठरला १९८५ पासून. सुगीचा पहिला घास म्हणून मजेने प्यावी, मी पण पिते, पण नूव्होवरून सगळ्या बोजोलेचं मत बनवू नका. दहा क्रूंमधून नूव्हो करायला परवानगीच नाही.

ताई, सगळं खरं पण जेवायला काय करायचं? आमच्याकडे अर्धे शाकाहारी, अर्धे मासे-मटणवाले, आणि नवरा मूळचा मडगावचा.
एक वाचक, पणजी

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न म्हणून लांबलं तर रागावू नका.

आधी लियोंत काय खातात ते सांगते कारण त्यातूनच युक्ती कळते. तिथे टेबलावर येते वाळवलेल्या डुकराच्या मांसाची सोसिसों, चरबीचे ठिपके दिसतील अशी. मग सॅलड लियोनेझ, म्हणजे कडवट पाला, तळलेल्या बेकनचे तुकडे, व्हिनेगरचं ड्रेसिंग आणि वर अर्धवट शिजलेलं अंडं. आणि शाकाहाऱ्यांसाठी माझं अत्यंत लाडकं 'सेर्व्हेल द कन्यू', नावाचा अर्थ रेशीम विणकरांचा मेंदू असा विचित्र आहे पण आहे काय, तर आपल्या चक्क्यासारखं ताजं चीज, त्यात बारीक चिरलेला छोटा कांदा, हिरवा पाला, मीठ, मिरी, थोडं तेल आणि व्हिनेगर. लियोंच्या क्रुआ-रूस टेकडीवर राहणाऱ्या विणकरांचं खाणं ते. बघा, या सगळ्यात स्निग्ध आहे, खारट आहे, आंबट आहे. आणि हलकी आंबटसर वाइन तिथे तेच काम करते जे आपल्याकडे मटणाच्या जेवणात सोलकढी करते, तोंड धुऊन पुढच्या घासाला तयार करते.

आता आपलं ताट. मडगावचं सासर म्हणजे गोव्याचा चोरीस, म्हणजे तिथलं तिखट सॉसेज, घरात येतच असणार. चोरीस-पाव आणि चांगली गार केलेली बोजोले-व्हिलाज (क्रूंच्या एक पायरी खालची बोजोले), ही जोडी मी तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा करून पाहिली आणि तेव्हापासून सोडलेली नाही. चोरीसमध्ये चरबी आहे, व्हिनेगर आहे, मिरची आहे. व्हिनेगरपुढे कमी आंबट वाइन फिकी पडते, गामे टिकते.

मिरचीचं मात्र नीट समजून घ्या. अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं आणि तुरटपणा त्यात भर घालतो, म्हणून १४-१५ टक्क्यांची जाड लाल वाइन आणि झणझणीत रस्सा ही जोडी बऱ्याच घरांत जुळत नाही. बोजोले साधारण १२ ते १३ टक्के, तुरटपणा कमी, शिवाय गार, त्यामुळे मध्यम तिखट पदार्थ ती सांभाळून घेते. तरी तांबड्या रश्श्याबरोबर नको, तिथे कुठलीच वाइन आपलं म्हणणं मांडू शकत नाही. पांढरा रस्सा मात्र करून बघा, नारळाचं दूध, खसखस, आणि बाजूला फ्लरी, फार सुंदर.

शाकाहारी मंडळींसाठी लोण्याचा गोळा ठेवलेलं थालीपीठ, कोथिंबीर वडी, दाण्याचं कूट घातलेली भरली वांगी (गूळ न घालता), मशरूम तर केव्हाही. गूळ का नको? पदार्थ गोड झाला की वाइन आहे त्यापेक्षा जास्त आंबट आणि रोडावलेली लागते. चिंच-गुळाची आमटी एरवी मला जीव की प्राण, पण तिच्यासोबत मी एकदा चांगली मुलँ-आ-व्हाँ उघडली आणि दुसऱ्या घोटाला ती कच्च्या कैरीसारखी झाली. तेव्हापासून आमटीच्या दिवशी बाटली बंद. बिबिंका, पुरणपोळी यांच्या वाटेला तर जाऊच नका.

माशांबद्दल. लाल वाइनमधलं लोह माशाच्या तेलाला भिडलं की तोंडात नाणं ठेवल्यासारखी धातूची चव येते, म्हणून बांगडा, तारली हे तेलकट मासे नकोत. रवा लावून तळलेली सुरमई चालते असा माझा अनुभव आहे, लिंबू पिळून, वाइन अगदी गार. आणि साधी भाजलेली कोंबडी असेल, मीठ-मिरी-लसूण लावून, तर दुसरा विचारच करू नका. ज्युलिएना गावाकडे तर कोंबडा त्याच वाइनमध्ये शिजवतात, 'कोक ओ ज्युलिएना' म्हणतात त्याला.

वाइन शाकाहारी असते का? सासूबाईंनी विचारलंय, मला उत्तर देता आलं नाही.
एक वाचक, सांगली

सासूबाईंचा प्रश्न अगदी रास्त आहे. वाइन स्वच्छ दिसावी म्हणून काही ठिकाणी तिच्यात अंड्याचा पांढरा बलक, जिलेटिन किंवा माशाच्या पिशवीपासून केलेला पदार्थ घालतात, तो गाळ धरून खाली बसतो आणि मग वरची वाइन काढून घेतात. बेंटोनाइट नावाच्या मातीनेही हे काम होतं, आणि कितीतरी छोटे बोजोलेवाले काहीच घालत नाहीत, वाइन नुसती निवळू देतात. बाटलीवर 'व्हेगन' लिहिलेलं असेल तर त्यांना खुशाल सांगा. लिहिलेलं नसेल तर नक्की आहे असं सांगू नका, उत्पादकाला ईमेल करा, छोटे लोक हौसेने उत्तर देतात.

उघडलेली बाटली किती दिवस? आणि एक मुलँ-आ-व्हाँ आहे ती ठेवू की पिऊ?
एक वाचक, नाशिक

उघडलेली, बूच परत लावून, उभी, फ्रिजमध्ये, तीन दिवस. अर्ध्या लिटरची स्वच्छ बाटली जवळ ठेवा आणि उरलेली वाइन तिच्यात काठोकाठ भरून ठेवा, हवा कमी लागली की आणखी एखादा दिवस जास्त तग धरते. त्यानंतर मटणात घाला.

मुलँ-आ-व्हाँ ही दहांमधली सगळ्यात टिकाऊ म्हणून ओळखली जाते, तिथल्या जमिनीत मँगेनीज आहे, आणि चांगल्या सालची दहा वर्षंसुद्धा सहज जाते. पण ती थंड तळघरात, १२-१३ अंशांत. आपल्याकडे कपाटात ठेवली तर दोन उन्हाळ्यांत शिजेल. वाइनचा फ्रिज असेल तर ठेवा, नसेल तर या थंडीतच एखाद्या रविवारी मशरूमचं काहीतरी करा आणि उघडा, आणि कशी लागली ते मला लिहा, करवंद आलं का ते विशेष.